आत्याला सॉफ्टवेअर समजावताना

सदाशिव पेठ, पुणे
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

आत्या, नमस्कार.

चूक आधी, मग दुरुस्ती, हा तुझाच नियम. म्हणून खुशाली मागे ठेवते.

चूक: मागच्या पत्रात मी तुला लिहिलं की संगणकात ज्याला हात लावता येतो ते हार्डवेअर आणि ज्याला हात लावता येत नाही ते सॉफ्टवेअर.

तुला पत्र टाकलं आणि त्याच संध्याकाळी हेच वाक्य मी माझ्या वर्गात सांगितलं. वर्ग म्हणजे आमच्या वाचनालयाच्या माडीवरची खोली, 'ज्येष्ठांसाठी संगणक' असा कागद दाराला चिकटवलेली. पहिल्या खुर्चीवर बापूराव बसतात. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण तपासणी अजून चालू आहे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मॅडम, विजेला कधी हात लावून बघितलाय?"

मी म्हटलं, नाही.

"म्हणजे वीज सॉफ्टवेअर झाली."

आनंदीबाई मागून म्हणाल्या की मग हिंगाचा वासही सॉफ्टवेअरच. बापूराव म्हणाले, "आमच्या सोसायटीच्या चेअरमनलाही कुणाला हात लावता येत नाही. त्यांना कशात धरायचं?" सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. तुझ्याकडे एक चुकीचं वाक्य माझ्या सहीने पडून आहे, हे आठवत राहिलं.

दुरुस्ती: सॉफ्टवेअर म्हणजे सूचना. यंत्राने काय करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, हे कुणीतरी आधी लिहून यंत्रात ठेवलेलं असतं. त्या लिहिलेल्या सूचनांना सॉफ्टवेअर म्हणतात. हात लागतो की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गातही आधी चूक मोठ्याने म्हणाले, मग दुरुस्ती. बापूरावांनी विचारलं, ही पद्धत कुठल्या शाळेतली? मी सांगितलं की दम्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, आत्याने तिच्या स्वैपाकघरात शिकवलं. ते म्हणाले, "तरीच. शाळेत गेलेली माणसं चूक झाकायला शिकतात." हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुला विनंती एवढीच, की ही नवी व्याख्या नीट ठोकून बघ. आमोददादा 'सॉफ्टवेअरमध्ये' आहे म्हणजे नक्की कशात आहे, हे तूच विचारलं होतंस. तुला पटलं तर मला वर्गात भीती वाटणार नाही.

तनया

---

विश्रांतवाडी
सोमवार, १० नोव्हेंबर

तनया, आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही.

पत्र पोचलं. पोस्टमनने विचारलं, कोर्टाचं आहे का? हाताने लिहिलेला पत्ता बघून हल्ली माणसं घाबरतात. तरी फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. आणि मेसेजमध्ये तुम्ही मुलं तीन शब्द लिहिता, त्यातला एक 'हं' असतो.

आता तुझी व्याख्या. सूचना म्हणजे काय हे मला नवीन नाही, माझा जन्म त्या देण्यात गेला. पण सूचना दिली की काम होतं, हे तुला कुणी सांगितलं? मी तुझ्या काकांना सांगून बाहेर पडायची, भाजी शिजली की गॅस बंद करा. आल्यावर पातेलं काळं. हे म्हणायचे, "तू शिजली की म्हणालीस. ती शिजली कधी, हे तिने मला सांगितलं नाही." सूचना बरोबर होती, माणूस हुशार होता, भाजी गेली. तेव्हा सूचना आणि काम यांच्यामध्ये जे लागतं, ते तुझ्या यंत्रात कुठे असतं ते लिही.

दुसरं. माझी इस्त्री, मिक्सर, शिलाईचं मशीन, सगळी यंत्रंच आहेत. त्यांना कुणी सूचना लिहून दिलेल्या नाहीत. मग यांना का लागत नाहीत आणि संगणकाला का लागतात?

बाकी ठीक. इमारतीतल्या मुलांचा संध्याकाळचा मराठी वाचनाचा वर्ग चालू आहे. इंग्रजी शाळेतली मुलं, जोडाक्षर आलं की अडखळतात, ते अडखळणं ऐकूनच सुधारायचं असतं. आणि तिथेच माझं घोडं अडलंय. कानाचं यंत्र लावते. कुकरची शिट्टी खिळ्यासारखी डोक्यात जाते, चमचा पडला की दचकते, आणि मुलं वाचतात तेव्हा शब्दांची टरफलं तेवढी ऐकू येतात, दाणे येत नाहीत. वय झालं. नाताळच्या सुट्टीपासून वर्ग बंद करायचं ठरवलं आहे. ज्या बाईला ऐकू येत नाही तिने वाचन घेऊ नये.

यावर तू काही लिहू नकोस. सॉफ्टवेअरचं लिही.

आत्या

---

सदाशिव पेठ
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आत्या, नमस्कार.

चूक: मी 'सूचना' असा शब्द वापरला आणि थांबले. त्यामुळे तुला माणसांना देतात तशा सूचना वाटल्या.

दुरुस्ती: सॉफ्टवेअरमधल्या सूचना अशा असाव्या लागतात की समोरच्याने डोकं अजिबात वापरलं नाही तरी काम व्हावं. 'भाजी शिजली की' हे यंत्राला चालत नाही. शिजली म्हणजे काय हेही त्याला सांगावं लागतं. तू विचारलंस ना, मध्ये जे लागतं ते कुठे असतं? ते यंत्रात नसतंच, सूचना लिहिणाऱ्याने आधीच विचार करून सगळं सूचनांमध्ये घातलेलं असतं.

उदाहरणासाठी मी दोन दिवस घर शोधलं. 'समजावायचं असेल तर त्याच्या घरातली वस्तू दाखव' असं तू म्हणायचीस. मग आठवलं, तुझं विणकाम. दोन सुलट, दोन उलट, ओळ संपेपर्यंत. पुढच्या ओळीत दोन उलट, दोन सुलट. यात 'बरं दिसेल तसं' असं कुठेही नाही. त्याच सुया, तीच लोकर. एक नमुना धरला तर माकडटोपी होते, दुसरा धरला तर मोजे. सुया आणि लोकर हे हार्डवेअर. नमुना हे सॉफ्टवेअर.

आता इस्त्री. इस्त्रीने काय करायचं हे तिच्या अंगातच घडवलेलं आहे. ती तापते, एवढंच. संगणकाचं तसं नाही, तो सुयांसारखा आहे. नमुना हातात येईपर्यंत त्या नुसत्या काड्या, नमुना आला की काहीही होऊ शकतं. म्हणून एकच मोबाइल गजरही लावतो, हिशेबही करतो आणि फोटोही काढतो. आत वेगवेगळे नमुने ठेवलेले असतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. यंत्र नमुना पाळतं, हेतू पाळत नाही. नमुन्यात चुकून तीन बाह्या लिहिल्या गेल्या तर तीन बाह्यांचा स्वेटर निघतो, आणि यंत्र विचारत नाही की तिसरा हात कुणाचा.

हे मी काल वर्गात सांगितलं. बापूरावांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी घरी संगणक शिकतो म्हणून सांगितलंय. आता सुया आणायच्या म्हणजे काय कारण देऊ?" पण जाताना जिन्यात मला थांबवून म्हणाले की तिसऱ्या बाहीचं त्यांना पटलं, त्यांच्या कचेरीत पुष्कळ परिपत्रकं तशी असायची.

तू लिहू नकोस म्हणालीस म्हणून कानाबद्दल लिहीत नाही. फक्त येत्या २३ तारखेला, रविवारी, तुझ्याकडे येते.

तनया

---

विश्रांतवाडी
मंगळवार, १८ नोव्हेंबर

तनया,

पटलं. पूर्ण पटलं असं मी सहसा लिहीत नाही हे तुला माहीत आहे.

म्हणजे आमोद नमुने लिहितो. पोटचा मुलगा, पण इतकी वर्षं मला वाटत होतं की तो संगणक दुरुस्त करतो, आणि तो बंगळूरहून सुट्टीला आला की मी त्याच्यापुढे बिघडलेला मिक्सर ठेवायची. तो बिचारा उघडून बघायचाही. आता त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

तिसऱ्या बाहीचं मी शेजारच्या उत्कर्षाला सांगितलं. ती म्हणाली, आमच्या सासूबाई अशाच आहेत, सांगितलेलं तंतोतंत करतात आणि मग बघत बसतात. तिला सॉफ्टवेअर माझ्याआधी कळलं.

आमोदनेही तुझ्यासारखं कानाचं काढलं होतं, नवीन यंत्र पाठवू का म्हणून. मी कळवलं, माझ्याकडे यंत्र आहे. विषय संपला.

रविवारी ये. मुलं असतात तेव्हा मागे बस आणि मध्ये बोलू नकोस.

आत्या

---

सदाशिव पेठ
सोमवार, २४ नोव्हेंबर

आत्या,

चूक: काल निघताना मी 'वर्ग छान झाला' असं म्हणाले. तू माझ्या ओठांकडे बघत होतीस म्हणून घाईत जे तोंडात आलं ते बोलले.

दुरुस्ती: वर्ग छान झाला नाही.

ती खिडकीशी बसलेली, दोन वेण्यांची मुलगी वाचत होती. मध्ये तिने एक अख्खी ओळ सोडली. तिला ते कळलं, ती थांबली, तिने तुझ्याकडे बघितलं. तू मान हलवलीस आणि म्हणालीस, "छान." बाकीच्या मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मला चौथीपर्यंत तू न कमावलेलं 'छान' एकदाही दिलं नाहीस. ते मिळालं नाही म्हणून मी कितीदा रडले असेन, पण ते मिळतं तेव्हा ते खरं असतं हा मला आधार असायचा. अजून आहे.

आणि मी मुद्दाम सांगायला आले होते की वाचनालयाने मला पुढच्या वर्षासाठीही ठेवून घेतलं. तू म्हणालीस, "साखर वरच्या फळीवर आहे." मग मी चहा केला. ओरडून परत सांगता आलं असतं, पण चांगली बातमी ओरडून सांगितली की भांडण केल्यासारखं वाटतं.

मी विचार करून लिहिते आहे, रागाने नाही. वर्ग बंद करू नकोस, यंत्र बदल. आमोददादानेच कधीतरी घेऊन दिलेलं असणार, पण ते वाईट आहे. त्याला वाईट वाटेल म्हणून तू सांगत नसशील तर मी सांगते.

तनया

---

विश्रांतवाडी
शनिवार, २९ नोव्हेंबर

तनया,

या खेपेला माझी चूक आधी.

चूक: मी त्या मुलीला छान म्हटलं. दुरुस्ती: मला ऐकू आलं नव्हतं, आणि तिचा चेहरा इतक्या आशेने वर आला होता की काहीतरी म्हणणं भाग होतं. म्हणूनच तर वर्ग बंद करते आहे. न ऐकता छान म्हणणारी बाई मी होणार नाही.

तुझ्या नोकरीचं वाचून आनंद झाला, छान. हे छान ऐकून नव्हे, वाचून आहे, तेव्हा कमावलेलं समज.

पण यंत्राला नावं ठेवू नकोस. ते आमोदने घेतलेलं नाहीच. ते तुझ्या काकांचं. यांनी शेवटपर्यंत वापरलं, एक दिवस कुरकुर नाही. हे गेल्यावर डबीत घालून ठेवलं होतं. चांगलं चालू यंत्र टाकून द्यायचं, हे मला जमणारं नाही. माझे कान उतरायला लागले तेव्हा काढलं, नवीन बॅटरी घातली, आणि बाजारात जाऊन कानात बसतं ते रबराचं टोपण माझ्या मापाचं बदलून घेतलं. झालं माझं. आमोदला लिहिलं त्यात अक्षरही खोटं नाही. माझ्याकडे यंत्र आहे.

तेव्हा यंत्र उत्तम आहे आणि दोष कानांचा आहे. कान कुठे बदलून मिळत नाहीत.

आणखी एक सांगते, हसू नकोस. मी भांडी घासायला घेतली की हे स्वैपाकघरातून उठून गॅलरीत जायचे. कारखान्यात जन्म काढलेला माणूस, याला चार वाट्यांचा आवाज सोसेना, असं म्हणून मी चिडायची. आता हे यंत्र लावून भांडी घासते तेव्हा कळतं, का उठायचे. यांना जसं ऐकू यायचं तसं मला ऐकू येतं. टरफलं तर टरफलं. ते काही अगदीच वाईट नाही.

आत्या

---

सदाशिव पेठ
बुधवार, ३ डिसेंबर

आत्या,

चूक: यंत्र वाईट आहे असं मी लिहिलं. दुरुस्ती: यंत्र चांगलं आहे. त्यातलं माप तुझं नाही.

तुझं पत्र जिन्यात उभी राहून वाचलं आणि तशीच वाचनालयामागच्या गल्लीतल्या कानाच्या दवाखान्यात गेले. तू काकांना जिथे आणायचीस तोच. अपूर्वाताई कान तपासतात, त्या अजून तिथेच आहेत. मी म्हटलं, माझी आत्या माझ्या काकांचं यंत्र टोपण बदलून वापरते. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि त्यांना अजून डोकेदुखी नाही?"

नीट सांगते. ते यंत्र नुसता आवाज मोठा करणारा भोंगा नाही. त्याच्या आत एक अगदी छोटा संगणक आहे, आणि संगणक आहे म्हणजे त्याला नमुना लागतो. आवाज आला की त्यातला कुठला भाग वाढवायचा, कुठला तसाच सोडायचा, हे सगळं त्या नमुन्यात असतं. नमुना सर्वांना सारखाच, पण माप ज्याचं त्याचं. स्वेटरचा नमुना एकच असला तरी छाती किती, बाही किती, हे माणूस बघून ठरतं, तसंच. अपूर्वाताईंनी काकांचे कान तपासले, कुठला आवाज किती कमी पडतो ते बघितलं, आणि ते माप यंत्रात भरलं.

तू टोपण बदललंस, म्हणजे बटणं बदललीस. स्वेटर काकांच्याच छातीचा आहे. आणि यंत्र नमुना पाळतं, हेतू पाळत नाही. कानामागे आता तू आहेस हे त्याला कळायला मार्ग नाही. ते रोज सकाळी इमानाने काकांसाठी काम करायला लागतं.

हे तुला मीच लिहिलं होतं, तिसऱ्या बाहीचं. आणि तुझ्या कुकरच्या शिट्टीचं पत्र माझ्याकडेच पडून होतं. दोन्ही एकत्र ठेवून बघितली नाहीत.

अपूर्वाताई म्हणाल्या, तुझे कान तपासायचे, यंत्राची ताकद तुला पुरणारी असेल तर त्यात तुझं माप लिहायचं. कापणं नाही, टोचणं नाही, दवाखान्यातल्या संगणकाला जोडायचं आणि तू खुर्चीत बसायचं. तुझ्या कानाला हे यंत्र पुरेलच असं मी लिहीत नाही. तपासल्याशिवाय ते कुणालाच सांगता येणार नाही. पण पुरलं तर वर्ग बंद करायचं कारण उरणार नाही.

नवं माप लिहिलं की जुनं पुसलं जातं, एवढंच.

कधी येतेस?

तनया

---

विश्रांतवाडी
सोमवार, ८ डिसेंबर

तनया,

पत्र वाचलं. स्वेटरचं कळलं. इमानाने काम करायला लागतं हे वाचून हसले, मग उठून गॅलरीत गेले.

तू शेवटी 'पुसलं जातं, एवढंच' असं लिहिलंस. पाटीवरच्या गणितासारखं.

मी वस्तू कवटाळून बसणारी बाई नाही. यांचे कपडे महिन्याच्या आत देऊन टाकले, चष्मा दिला, सायकल उत्कर्षाच्या दिराला दिली. फोटोला हारसुद्धा घालत नाही, धूळ बसते. पण कपडे हे कपडेच होते. यांना जग कसं ऐकू यायचं, ते या एवढ्याशा वस्तूत आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही. ते मी खुर्चीत बसून पुसायला लावू?

मुलांचं वाचन दुसरं कुणीही ऐकेल. वर्गाचा शेवटचा दिवस २४ तारखेला, मुलांना सांगून झालं आहे.

कानाचं बघू. घाई करू नकोस.

आत्या

---

सदाशिव पेठ
शुक्रवार, १२ डिसेंबर

आत्या, नमस्कार.

आज दोन दुरुस्त्या आहेत. एक माझी, एक तुझी. तुझी चूक मी आयुष्यात पहिल्यांदा काढते आहे, त्यामुळे खाडाखोड झाली आहे. चालवून घे.

माझी आधी.

चूक: जुनं माप पुसलं जातं. दुरुस्ती: यंत्रातून पुसलं जातं. पण ते फक्त यंत्रात नव्हतंच. दवाखान्यातल्या संगणकावर भरून मग यंत्रात लिहिलं होतं, आणि तिथे ते राहिलेलं आहे. काल जाऊन विचारलं. अपूर्वाताईंनी बघितलं आणि म्हणाल्या, आहे. दाखवलं मात्र नाही. म्हणाल्या, ते बघायचा हक्क त्यांच्या बायकोचा, भाचीचा नाही. मला ते बरं वाटलं.

तू म्हणशील, ती प्रत, मूळ नव्हे. बापूरावांनीही वर्गात हेच विचारलं. खऱ्या प्रतीचा शिक्का कशावर मारायचा, म्हणाले. सॉफ्टवेअरची ही एक गोष्ट मी अजून कुणालाच नीट सांगितली नव्हती. इथे मूळ आणि प्रत असा भेदच नाही. तू मला माकडटोपीचा नमुना तोंडी शिकवलास. तो माझ्याकडे आला म्हणून तुझ्याकडून गेला नाही, आणि माझ्याकडचा खोटा ठरला नाही. दोन सुलट, दोन उलट, दोन्हीकडे तेच. काकांचं माप तसंच आहे. हवं तेव्हा परत त्या यंत्रात किंवा दुसऱ्या यंत्रात जसंच्या तसं लिहिता येईल. एक टाकाही इकडचा तिकडे होणार नाही.

हे सांगितल्यावर बापूराव म्हणाले, "माझं माप कुणी जपून ठेवेल असं वाटत नाही. बायको पुसून वर धूप फिरवेल." आनंदीबाई हसल्या. मी या वेळी त्यांच्यापेक्षा जास्त हसले.

आता तुझी.

चूक: 'यांना जसं ऐकू यायचं तसं मला ऐकू येतं.'

हे लिहू की नको, याचा मी तीन दिवस विचार केला. न लिहिता दुरुस्ती होत नाही.

दुरुस्ती: त्या यंत्रात आहे ते काकांना ऐकू येणारं जग नाही. त्यांना जे ऐकू येत नव्हतं ते आहे. माप कमी पडलेल्या जागेचं घेतात. अपूर्वाताईंनी काकांबद्दल काही सांगितलं नाही, पण एवढं म्हणाल्या की यंत्रांच्या गोंगाटात आयुष्य गेलेल्या माणसांचे बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. शिट्टी, पाखरं, चमच्याची किणकिण. आणि बायकांचं, लहान मुलांचं बोलणं. मग यंत्र नेमका तिथेच जोर लावतं. सगळा वरचा आवाज उचलायचा, म्हणजे त्यात बोलणंही उचललं जाईल. वाट्यांचा त्रास झाला तो त्यातलाच.

एरवी काका बसायचे बाहेरच्या खोलीत. वरच्या पट्टीत बोलणारं त्या घरात तू एकटीच होतीस.

म्हणजे ते माप वाट्यांसाठी घेतलेलं नाही, आत्या. माझी खात्री आहे असं लिहीत नाही, पण मला वाटतं की तू स्वैपाकघरातून बोललेलं त्यांना बाहेर ऐकू यावं, म्हणून घेतलेलं आहे. ते काम त्या यंत्राने केलं. शेवटपर्यंत केलं. आता त्याच्याकडून मुलांच्या शब्दांतले दाणे ऐकू आले तर त्यात काका कुठे पुसले जातात, ते मला सांग.

'बघू' म्हणजे नाही, हे मला तिसरीपासून माहीत आहे. तेव्हा मी पाटी पुसून गप्प बसायची. या वेळी विचारत नाही, कळवते आहे. अपूर्वाताईंची वेळ घेतली आहे. मी रिक्षा घेऊन दाराशी येईन. यंत्र डबीत घालून घे, विणकामाची पिशवी घे, तिथे थोडं थांबावं लागेल. काकांचं माप तिथे खरंच आहे हे आधी तू स्वतः डोळ्यांनी बघायचं. मग तू हो म्हणालीस तरच पुढचं. नाही म्हणालीस तर तशीच परत घरी सोडते आणि 'साखर वरच्या फळीवर' म्हणून तूच चहा करायला सांगेपर्यंत बोलणार नाही.

आणि हो झालं, तर त्या संध्याकाळच्या वर्गाला मी मागे बसेन. दोन वेण्यांच्या मुलीला ती राहिलेली ओळ वाचायला लाव. छान म्हणायचं की नाही, ते ऐकून ठरव.

तुझी
तनया

ता. क. पोस्टाचा काही नेम नाही आणि मजकूर लांबला आहे, त्यात दिवस हरवायला नको, म्हणून खाली सुटा लिहिते.

शनिवार, २० डिसेंबर.